डायमिथाइल फ्युमरेट घरी सांभाळून कसं घ्यायचं: माझ्या वहीतून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. २०१९ च्या मार्चअखेरीला, वह्या जुळवायच्या ऐन गडबडीत, उजव्या डोळ्याला लाल शाई फिकट गुलाबी दिसायला लागली. डावा डोळा झाकला की कीर्दीतले आकडे विरघळल्यासारखे व्हायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी न्यूरोकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हे मज्जातंतूंच्या आजाराचं नाव घरात आलं. पहिली दोन वर्षं इंजेक्शनं घेतली. २०२१ मध्ये डॉक्टरांनी डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल सुरू केल्या, त्या आजपर्यंत चालू आहेत.

सुई सुटली म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. "आता काय, गोळीच तर घ्यायची," असं माझी जाऊही म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण इंजेक्शन असताना नर्स घरी येऊन शिकवून गेली होती, फोन करून विचारपूस करत होती. कॅप्सूल मात्र केमिस्टनं पिशवीत घालून दिली आणि काम संपलं. आता बघायचं, विचारायचं, लिहून ठेवायचं ते सगळं आपल्यालाच. नव्यानं हे औषध सुरू करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ते हाताशी असावं, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. माझी तब्येत त्यांनी पाहिलेली नाही आणि तुमची मी पाहिलेली नाही.

सुरू करण्याआधी

पहिली कॅप्सूल घेण्याआधी रक्त तपासलेलं हवं. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्यात पांढऱ्या पेशींची विभागणी, यकृताच्या तपासण्या म्हणजे एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन, शिवाय मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवी. एमआरआय जुना झाला असेल तर नवा करून घेतात, म्हणजे पुढे काही बदललं तर तुलनेला काहीतरी असतं. हे सगळे कागद नीट जपा. तेच तुमच्या खात्याची आरंभीची शिल्लक आहेत.

डॉक्टरांना काय काय सांगायचं त्याची यादी आदल्या रात्री करा. आधी कधी कावीळ झाली होती का, नागीण उठली होती का, टीबी, अल्सर, दिवस राहिले आहेत किंवा मूल हवं आहे का. आणि घरातले काढे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, कोरोनापासून रोज सकाळी सगळ्यांना गुळवेलीचा काढा द्यायच्या. मी तो औषधात धरलाच नव्हता. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आठवण झाली. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेलं आहे, आणि आपली कॅप्सूलही क्वचित यकृताला त्रास देते. शिवाय "प्रतिकारशक्ती वाढवणारं" म्हणून जे जे विकलं जातं ते एमएसच्या माणसानं विचारल्याशिवाय घेऊच नये. आपल्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावर उठलेली असते. आत्यांना हे समजावायला आठवडा गेला. आता त्या माझा पेला वेगळा ठेवतात आणि त्यात साधं गरम पाणी घालतात.

पहिला महिना

पहिले ७ दिवस १२० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आठव्या दिवसापासून २४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. माझ्या चिठ्ठीत दोन्ही लिहिलं होतं, पण एका दुकानातून मला २४० चीच दोन खोकी मिळाली. दोन्ही ताकदींची खोकी दिसायला जवळपास सारखी असतात. घरी येऊन खोक्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी काउंटरवरच तीन गोष्टी वाचते: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मुदत. पुढे कंपनी बदलून दिली तरी मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच असायला हवेत.

चौथ्या दिवशी सकाळी कॅप्सूल घेऊन अर्धा तास झाला असेल. मी बसची वाट बघत अशोक चौकात उभी होते. आधी कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मग गाल, मग गळ्याखालून छातीपर्यंत कुणीतरी मिरचीचा हात फिरवल्यासारखी आग. शेजारच्या बाईनं "ऊन लागलं का?" म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. आरशात पाहिलं तर मान लालबुंद. पाऊण तासात सगळं उतरलं.

याला फ्लशिंग म्हणतात. औषधाच्या चाचण्यांमध्ये दहातल्या चार जणांना ते झालं होतं. बहुतेकांचं पहिल्या महिन्यानंतर कमी होतं, माझं पाचव्या आठवड्यात जवळजवळ थांबलं. भरल्या पोटी घेतलं तर कमी होतं. काहींना डॉक्टर कॅप्सूलच्या अर्धा तास आधी साधी ॲस्पिरिन देतात. मला पित्ताचा त्रास, म्हणून दिली नाही. आपल्या मनानं ती सुरू करू नका, डेंग्यूच्या दिवसांत तर अजिबात नको.

फ्लशिंग आणि ॲलर्जी यांतला फरक घरातल्या सगळ्यांना माहीत करून द्या. नुसती लाली आणि आग असेल तर बसून राहायचं, गार पाण्याचा पंचा मानेवर ठेवायचा. ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरचे उपाय करत बसायचं नाही, रिक्षा करून थेट दवाखान्यात. आणि अशी ॲलर्जी झाली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पुढची कॅप्सूल घ्यायची नाही.

पोटाचा त्रास हा दुसरा. कळ, जुलाब, मळमळ, हे बहुतेक पहिल्याच महिन्यात होतं. मला दुसऱ्या आठवड्यात, २४० सुरू झाल्यावर, दुपारपर्यंत पोटात पीळ पडायचा. इथं मी बरेच प्रयोग केले. नुसत्या चहा-बिस्किटावर घेतली तर हमखास दुखायचं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हा आमचा रोजचा नाश्ता, पण त्या चटणीतलं तिखट पहिल्या महिन्यात झेपेना. शेवटी जमलं ते असं: मऊ ज्वारीची भाकरी, घट्ट दही, आणि बिनतिखटाचा शेंगदाण्याचा कूट दह्यात कालवून. पोटात जरा स्निग्ध गेलं की कॅप्सूल निवांत बसते, हा माझा अनुभव. रात्री जेवणाच्या मध्यावर घेते, शेवटी नाही.

पोट फारच बिघडलं तर डॉक्टर काही दिवस परत १२० वर आणतात आणि साधारण ४ आठवड्यांच्या आत पुन्हा २४० वर नेतात. हा निर्णय त्यांचा. तीव्र कळ थांबत नसेल, उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं तर वाट बघायची नाही.

कॅप्सूल उघडायची नाही. माझ्या शेजारच्या वहिनींनी प्रेमानं सुचवलं होतं की फोडून मधात घे, गिळायला सोपं जाईल. आत बारीक दाणे किंवा छोट्या गोळ्या असतात आणि त्यांच्यावर जठरात न विरघळणारं आवरण असतं. औषध आतड्यात जाऊन सुटावं म्हणून ती सोय आहे. फोडलं, चावलं, कुटलं की ती सोय गेली आणि औषध थेट जठराला झोंबतं. गिळायलाच त्रास होत असेल तर तो एमएसचाही असू शकतो, म्हणून तो डॉक्टरांच्या कानावर घाला.

वेळ आणि चुकलेली मात्रा

माझ्या वेळा सकाळी ९ आणि रात्री ९. घड्याळापेक्षा जेवणाशी बांधलेली वेळ पक्की राहते. पण आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. टाकी भरा, पिंप भरा, कपडे उरका. पहिल्या वर्षात माझ्या चुकलेल्या मात्रा वहीत लावून पाहिल्या तर पाचातल्या चार पाण्याच्या दिवशी पडलेल्या. तेव्हापासून मोबाइलचा गजर, आणि तो मुलीच्या मोबाइलवरही. ती येऊन विचारते, "आई, घेतलीस?" मी वहीवर टिक करून दाखवते. घेतली की लगेच टिक. "घेतली असेन" असं वाटणं धोक्याचं, त्यात दोनदा घेतली जाते.

चुकली तर? दोन मात्रांमध्ये निदान ४ तासांचं अंतर राहत असेल तर आठवल्यावर घ्या. नाहीतर ती सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. चुकलेली भरून काढायला दोन कॅप्सूल एकदम कधीही नको.

उन्हाळा आणि कॅप्सूलची पट्टी

खोक्यावर ३० अंशांखाली ठेवा, उजेडापासून दूर ठेवा असं लिहिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो. आमचं वरच्या मजल्याचं पत्र्याचं छत संध्याकाळी सातलाही हात लावू देत नाही. त्यामुळे ही ओळ इथं फार मनावर घ्यावी लागते.

मी केलेली सोय सांगते. मुलीच्या शाळेच्या प्रयोगात वापरलेला साधा थर्मामीटर घरात तीन जागी दोन-दोन दिवस ठेवला. स्वयंपाकघरातल्या फडताळात दुपारी ३८. हॉलमधल्या कपाटात ३६. खालच्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत, जिथं जुन्या दगडी भिंती आहेत, तिथं फरशीजवळच्या कप्प्यात सगळ्यात कमी. पट्ट्या तिथं, मूळ खोक्यातच, घट्ट झाकणाच्या डब्यात. कूलरसमोर किंवा माठाजवळ नाही, कारण तिथं ओल असते. तुमच्या घरात ३० च्या खाली कुठलीच जागा नसेल तर आपल्या औषधाच्या कंपनीचं पत्रक घेऊन केमिस्टला विचारा, फ्रिजमध्ये आपल्या मनानं टाकू नका. उन्हाळ्यात तीन महिन्यांचा साठा घेत नाही, महिन्याचाच घेते, कारण दुकानात थंडाव्यात राहिलेलं बरं. आणि स्कूटरच्या डिकीत पाच मिनिटंसुद्धा नाही. दुकानातून पर्समध्ये, पर्समधून कप्प्यात.

तारखांची वही

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे औषध रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी करतं. पहिल्या वर्षात त्या सरासरी ३० टक्क्यांनी उतरतात आणि मग बहुतेकांच्या तिथंच स्थिरावतात. काहींच्या मात्र फार खाली जातात, आणि तिथं जंतुसंसर्गाचा धोका सुरू होतो. हे अंगाला अजिबात जाणवत नाही. ना थकवा, ना ताप. कागदावरच दिसतं.

अमेरिकेतल्या पत्रकाप्रमाणे सुरुवातीनंतर ६ महिन्यांनी आणि पुढे ६ ते १२ महिन्यांनी सीबीसी करायचं, युरोपात दर ३ महिन्यांनी. माझ्या डॉक्टरांनी ३ महिने ठरवले आहेत. तुमचा हिशेब तुमच्या डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या.

रिपोर्ट कसा वाचायचा ते इथं शिकून घ्या. बऱ्याच लॅबच्या कागदावर लिम्फोसाइटची फक्त टक्केवारी असते. आपल्याला टक्के नकोत, संख्या हवी. एकूण पांढऱ्या पेशी, म्हणजे टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी, गुणिले लिम्फोसाइटचे टक्के, भागिले १००.

औषध सुरू होण्याआधी माझा टीएलसी ६,२०० आणि लिम्फोसाइट २४ टक्के होते. म्हणजे १,४८८. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला: टीएलसी ४,१००, लिम्फोसाइट २१ टक्के. लॅबच्या कागदावर टीएलसीची मर्यादा ४,००० पासून, लिम्फोसाइटची २० टक्क्यांपासून. दोन्ही आकडे हद्दीत, कुठंही चांदणी नाही, ठळक अक्षर नाही. आमचे हे म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." मी सवयीनं गुणाकार केला: ८६१. वहीत वरच्या ओळीत १,४८८, मधे १,२१०, मग १,०५०, आणि आता ८६१. चार ओळी एकाखाली एक आल्या की उतार डोळ्यांत भरतो. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी औषध चालू ठेवून ६ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. तेव्हा ९४६ आले, आणि त्यानंतर हजाराच्या आसपास राहिले आहेत.

लक्षात ठेवायचे आकडे दोन. ८०० च्या खाली सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर औषध चालू ठेवण्याचा डॉक्टर पुन्हा विचार करतात. ५०० च्या खाली सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर ते बहुतेक थांबवतात. पण ५०० च्या खाली पहिल्यांदा गेलं तरी त्याच दिवशी कळवा, सहा महिने आपण मोजत बसायचं नाही.

वहीत आकड्याशेजारी त्या आठवड्यात काय झालं तेही लिहा. ताप होता का, स्टिरॉइड चालू होतं का. स्टिरॉइडनं पांढऱ्या पेशींचा हिशेब उलटापालटा होतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. एसजीपीटीचीही एक रांग ठेवा, आणि डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, भूक मरणं असं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता तपासा.

ताप, नागीण आणि तो दुर्मीळ आजार

पावसाळ्यात ताप आला की फिजिशियनला पहिलं वाक्य हे सांगा: "मला एमएस आहे आणि मी डायमिथाइल फ्युमरेट घेते." डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात. औषधाचं माहीत नसेल तर त्यांचा अंदाज चुकू शकतो. अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखी आग आणि पाण्याचे फोड आले तर ती नागीण असू शकते. तिचं औषध जितकं लवकर तितका फायदा, म्हणून गेरू लावत बसू नका. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, ती तुम्हाला हवी का हे विचारा. जिवंत विषाणूंची कुठलीही लस न्यूरोला विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

पीएमएल हा मेंदूचा गंभीर संसर्ग. अत्यंत विरळा, पण या औषधावर झालेला आहे, बहुतेक वेळा लिम्फोसाइट बराच काळ कमी राहिलेल्यांना. एका बाजूची ताकद कमी होत जाणं, बोलणं अडखळणं, नजर बदलणं, विसरभोळेपणा, स्वभाव पालटणं, आणि हे सगळं दिवसागणिक वाढत जाणं ही लक्षणं. यातलं स्वभाव पालटणं आपल्याला स्वतःला कळत नाही. मी हे यांना आणि मुलीला बसवून सांगितलं आहे.

उन्हाळ्यात मात्र एक घोळ होतो. दुपारी अंग तापलं की माझा तोच उजवा डोळा धूसर होतो, डावा पाय जड होतो. पहिल्या वर्षी वाटलं, औषध लागूच पडत नाही. ही उष्णतेनं उघडी पडणारी जुनी खूण आहे. १८९० मध्ये जर्मन डॉक्टर उह्टॉफ यांनी तिचं वर्णन केलं. ओला पंचा, गार पाण्याची आंघोळ, तासभर विश्रांती, आणि ती जाते. नवीन लक्षण आलं, किंवा जुनं २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग नाही, तर तो एमएसचा नवा झटका समजून डॉक्टरांना फोन करा. उष्णतेची खूण असो की झटका, कॅप्सूल चालूच ठेवायची. रागानं किंवा निराशेनं बंद करायची नाही.

तुमची गोळी वेगळी असेल तर

एमएसवर दुसरीही औषधं आहेत, वरचे नियम त्यांना लावू नका. टेरिफ्लुनोमाइड १४ मिलिग्रॅम दिवसातून एकदा असते, पहिले ६ महिने यकृत दर महिन्याला तपासतात, आणि ते गर्भाला घातक आहे. बंद केल्यावरही ते दोन वर्षांपर्यंत रक्तात राहू शकतं. मूल हवं असेल तर ते शरीरातून काढायला वेगळं औषध साधारण ११ दिवस देतात. फिंगोलिमॉडची पहिली कॅप्सूल दवाखान्यात बसून घ्यायची असते, ६ तास नाडी बघतात, कारण ती मंदावते. ३-४ महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासतात. ते अचानक सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो. आणि मधे खंड पडला तर घरी आपलं आपण पुन्हा सुरू करायचं नाही, आधी फोन.

पर्समधलं कार्ड

पुण्याला तपासणीसाठी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाते तेव्हा दिवसाच्या कॅप्सूल आणि दोन दिवसांच्या जादा, मूळ पट्टीतच, अंगावरच्या पर्समध्ये असतात. वर रॅकवर टाकलेल्या बॅगेत नाही. त्याच कप्प्यात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं एक कार्ड आहे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे: आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव, २४० मिलिग्रॅम दोन वेळा, सुरू केल्याचं साल, कशाची ॲलर्जी, न्यूरोच्या डॉक्टरांचा आणि यांचा फोन. मागच्या बाजूला शेवटची लिम्फोसाइटची संख्या पेन्सिलीनं लिहिलेली असते, दर तीन महिन्यांनी खोडून नवी लिहिते. आत्ता तिथं १,०२० आहे.